तिसरा भात

"'पोदुम' म्हणायचं. पोट भरलं की लगेच आणि मोठ्यानं. नुसती मान हलवलीस, हसलीस, लाजलीस, तर अम्मा वाढतच राहते. लक्षात ठेव, पोदुम. म्हणजे पुरे."

कुंभकोणम स्टेशनाबाहेर टांग्यात चढता चढता यांनी मला हे चौथ्यांदा सांगितलं. मी पदर सावरून बसले आणि हळूच म्हटलं, "पण अहो, मी जेवताना बोलत नाही ना."

घोडा चालू लागला. एक देऊळ गेलं, दुसरं आलं.

"अरेच्चा," हे म्हणाले. "ते राहिलंच की. बरं, मी सांगतो अम्माला. तू पानावर बसायच्या आधीच सांगून ठेवतो."

"नक्की ना?"

"शालन, माझी आई आहे ती. तिला एक वाक्य सांगायला मला काय मुहूर्त लागतो?"

मुहूर्त लागत नव्हता हे खरं. आठवण लागत होती, आणि ती आमच्या ह्यांच्याकडे तेव्हाही बेताचीच होती.

आमचं लग्न आठ महिन्यांपूर्वी पुण्याला नोंदणी कचेरीत झालं होतं. माझ्या घरून, कऱ्हाडहून, धाकटा भाऊ आला होता. यांच्या घरून एक पोस्टकार्ड आलं होतं, अप्पांचं, इंग्रजीतून, आशीर्वादाचं. अम्मांचा त्यात उल्लेख नव्हता. अम्मांच्या लेखी ते लग्न झालेलंच नव्हतं. मग कार्तिकात दुसरं पत्र आलं. "तुझी आई म्हणते, मुलीला धनुर्मासातल्या मोठ्या एकादशीला घेऊन ये. द्वादशीचं पारणं इथं करू दे. मग बघू."

त्या 'मग बघू'मध्ये सगळं होतं. मुलगी पटली तर संक्रांतीनंतर घरासमोर मांडव घालून रीतसर लग्न लागायचं. नाही पटली, तर ह्यांनी वर्षातून एकदा एकट्यानं यायचं आणि दोन दिवस राहून जायचं, परक्या पाहुण्यासारखं. हे त्यावर हसत असत. पण मद्रास सोडल्यापासून ते मला ज्या नेटानं पोदुम शिकवत होते, त्यावरून मला कळायचं ते कळलं.

अम्मा दारातच उभ्या होत्या. साठी उलटलेली, सडसडीत बाई. त्यांच्या पद्धतीचं नऊवारी लुगडं, नाकाच्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग कपाळ, आणि मग लेकाला काहीतरी विचारलं.

"विचारते, एकादशी करते का?"

"करते म्हणावं. निर्जळ."

हे ऐकून अम्मांची एक भुवई किंचित वर गेली. त्या दोनच शब्द बोलल्या.

"म्हणते, बघू."

आतल्या सोप्यात पितळी साखळ्यांच्या झोपाळ्यावर अप्पा बसले होते. ते रेल्वेत गार्ड होते आणि अकरा वर्षं सोलापूरला एकटे राहिले होते. त्यांचं मराठी तिथलं होतं. सगळे शब्द जागच्या जागी, फक्त कोण बाई आणि कोण पुरुष एवढंच त्यांना कधी ठरवता आलं नाही.

"ये ये, बस की गं. तुझा गाव कऱ्हाड ना? कऱ्हाडला मी दोनदा आली आहे."

कोण आली म्हणून मी मागे वळून पाहिलं. तिथं यांची धाकटी बहीण कोमळा तोंडावर वेणी धरून हसत होती. ती सतरा वर्षांची, हिंदीच्या परीक्षा देत असे. "भाभी, आप मेरे कक्ष में विश्राम कीजिए," ती म्हणाली, आणि मला आपल्या खोलीत घेऊन गेली. यांची पथारी बाहेरच्या ओट्यावर पडली. लग्न झालेलंच नव्हतं ना!

एकादशी देवळात आणि नामस्मरणात गेली. अम्मा पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर ताठ होत्या. मीही होते. संध्याकाळी एकदा त्या माझ्या सुकलेल्या ओठांकडे बघत थांबल्या आणि निघून गेल्या. यांनी मात्र दोनदा कॉफी घेतली. यांच्या वाटचा उपास आम्ही दोघी करत होतो म्हणा.

द्वादशीला पहाटे उठून अम्मांनी ओलेत्यानं सोवळ्यात स्वयंपाक केला. पंचांगाप्रमाणे द्वादशी नऊ वाजून चार मिनिटांनी सरत होती. त्याच्या आत अन्न पोटात गेलं तर पारणं झालं. पण घरात प्रथमच आलेल्या पाहुणीला जेवू घातल्याशिवाय घरच्या बाईनं पानावर बसायचं नाही, ही त्या घरची रीत. म्हणून मला सव्वाआठलाच पानावर बसवलं. अप्पांना साखरेचा आजार, त्यांचं इडली खाऊन झालं होतं. हे कावेरीवर आंघोळीला गेले होते.

"सांगितलंत ना?" जाताना मी यांना विचारलं होतं.

"हो हो," म्हणत हे पंचा खांद्यावर टाकून गेले. कशाला हो म्हणाले, ते विचारायला हवं होतं.

"भाभी, आसन ग्रहण कीजिए," कोमळा म्हणाली. तिनं केळीचं पान टोक डावीकडे करून मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं. मी मनातल्या मनात श्लोक म्हटला, आचमन केलं आणि मिटले ते ओठ मिटले.

त्या स्वयंपाकाचं काय सांगू! पानाच्या कोपऱ्यात आधी चमचाभर खीर. मग खोबरं घातलेली हादग्याच्या पाल्याची भाजी, कारण उपासानं तापलेल्या पोटाला ती थंडावा देते. आवळा वाटून घातलेलं दही. तुपात तळलेली, वाटाण्याएवढी कडू फळं, जी पहिल्यांदा थुंकावीशी वाटतात आणि तिसऱ्यांदा मागावीशी. चिंचेला त्या दिवशी मज्जाव. मग वाफाळता भात, मुगाचं घट्ट वरण, वर तूप. मी दीड दिवसाची उपाशी. भात मागं सारत सारत, भाजी-दही लावत लावत मी तो सगळा तृप्तीनं जेवले. मनात म्हटलं, काय छान जेवण झालं.

ते जेवण नव्हतं. ती नांदी होती.

अम्मांनी पुन्हा भात आणला. मी मान हलवली. त्यांनी वाढला. मी हसले. त्यांनी वरण वाढलं. मी लाजून खाली पाहिलं, त्यांनी तूप वाढलं. यांनी टांग्यात सांगितलेला शब्दन् शब्द खरा ठरत होता. फक्त ह्यांनी अम्मांना काही सांगितलेलं नव्हतं, हेही त्याच ओळीनं माझ्या लक्षात येत गेलं.

आमच्या घरी पानात शीत टाकायचं नाही असा दंडक. म्हणजे वाढलेलं संपवायला हवं, आणि संपवलं की रिकामं पान बघून अम्मा परत येणार. मी तो भात संपवला.

"शाब्बास," झोपाळ्यावरून अप्पा म्हणाले. "पहिला भात झाली. आता दुसरा येईल, सात्तमुदूची. बाहेर लोक त्याला रसम म्हणतात. आमच्या घरात रसम म्हटलं तर माझा बायको वाढत नाही."

मी दाराकडे पाहिलं. हे कुठेच नव्हते.

दुसरा भात आला. मधोमध खळगा करून त्यात मिरी-जिऱ्याचं ते पाणी ओतलं गेलं. पानावरून ते पळायच्या आत खायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी हातानं बांध घालत होते, ते दुसरीकडून निसटत होतं. कोमळा भिंतीशी टेकून हसत होती. अम्मांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पान अर्धं होताच त्या पुन्हा आल्या.

मग मी सावकाश खाऊन पाहिलं. त्यांना वाटलं असावं, आवडलं नाही, म्हणून त्यांनी लोणचं वाढलं. मग भरभर खाल्लं. त्यांना वाटलं असावं, फार आवडलं. शेवटी न राहवून मी डावा हात आडवा पानावर धरला. आमच्याकडे असं करतात, कुणी वाईट मानत नाही.

"बायाँ हाथ!" कोमळा ओरडली. "भाभी, बायाँ हाथ वर्जित है!"

मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. अम्मांनी त्या जागी निमूटपणे अर्धी पळी आणखी वाढली.

"आमच्याकडे जेवताना डावा हात पानाकडे नेत नाहीत," अप्पा म्हणाले. "पण तू बोल की गं! पोदुम बोल. एकच शब्द आहे. सारथीनं शिकवला नाही का?"

यांनी शिकवला होता हो. मी त्यांच्याकडे केविलवाणं पाहिलं. त्यांनी खांदे उडवले आणि पेपर वर धरला, पण झोपाळा बंद ठेवला. म्हणजे पेपर वाचत नव्हते.

दुसरा भात मी कसा संपवला ते नारायणाला माहीत. कंबरेशी साडीची गाठ बोलू लागली होती. आणि मग अम्मा तिसरा भात घेऊन आल्या. हा दह्याबरोबर खायचा. कडेवर भाताचं पितळी पातेलं, हातात पळी. पळी पातेल्यात गेली, वर आली, आणि तिच्यावर जो डोंगर मला दिसला, त्यानं माझं भान गेलं. डावा हात वर्जित होता. मी उजवा पुढे केला.

माझी भातानं माखलेली बोटं पळीवर टेकली. पळी अजून पातेल्याच्या काठाला लागलेली होती.

कोमळाचं हसू थांबलं. अप्पांनी पेपर खाली घेतला.

मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सोवळं आमच्याही घरी असतं. जेवतीचा हात लागला, पातेलं उष्टं झालं. घरात भात तेवढाच होता. अम्मा आता त्यातलं शीतही खाणार नव्हत्या. भिंतीवरच्या घड्याळात नऊला अठरा मिनिटं कमी होती. पुन्हा आंघोळ, पुन्हा चूल, पुन्हा भात, हे बावीस मिनिटांत होणारं नव्हतं. दशमीच्या रात्रीपासून त्या माऊलीच्या पोटात काही नव्हतं, आणि वेळेत पारणं चुकलं तर त्या त्रयोदशीपर्यंत जेवत नाहीत, हे मला कोमळानं आदल्याच रात्री कौतुकानं सांगितलं होतं.

संपलं, मला वाटलं. मांडव संपला, संक्रांत संपली. आता हे एकटेच येणार, एकटेच जाणार. निदान मुद्दाम केलं नाही, एवढं तरी सांगावं. कोणत्या भाषेत ते देव जाणे. तीन वर्षं आणि चार महिने मी पानावर बसून एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मी तोंड उघडलं.

अम्मा वाकल्या. माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर त्यांचा चेहरा आला. त्यांनी आपल्याच ओठांवर बोट ठेवलं.

"पेसादे."

"बोलू नको म्हणते," अप्पा हळूच म्हणाले. तसं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मी ओठ मिटले. अम्मांनी ते पातेलं माझ्या पानाशेजारी जमिनीवर ठेवलं, त्यातला थोडासा भात, अगदी मुलाला वाढतात तेवढा, पानावर घातला, वर दही ओतलं आणि आत गेल्या. देवघरात भांड्याचा आवाज झाला. तुळशीचं तीर्थ त्यांनी तीन वेळा हातावर घेऊन प्राशन केलं. मग येऊन माझ्यासमोर पाट ओढून बसल्या.

"आता पातेलं तुझी झाली," अप्पा म्हणाले. "सगळा संपवायचा."

मी घाबरून अम्मांकडे पाहिलं. अम्मांनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. मी दहीभात कालवला. डोळ्यांतून पाणी येत होतं. "तिखट लागतंय त्याला," अप्पा पेपरमागून म्हणाले. दहीभातात तिखट नव्हतं.

शेवटचं शीत उचललं. कोमळानं खुणेनं दाखवलं तसं पान आपल्या बाजूला मिटलं. परसात जाऊन हात धुतला, चूळ भरली, आणि आत येऊन अम्मांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकले, अम्मा. मुद्दाम नाही केलं. तुमचं पारणं माझ्यामुळं गेलं."

अप्पांनी ते तमिळमध्ये सांगितलं. जरा लांबलं, त्यात त्यांनी स्वतःचंही काही घातलं असावं. अम्मांनी उत्तर दिलं तेही लांब होतं.

"म्हणते, पारणं झालं. तीर्थानं होतं. पोट राहिलं, ते राहू दे." अप्पा झोपाळ्यावरून उतरून पुढे आले. "आणि म्हणते, तू मौन आहेस हे तिला दुसऱ्या भातालाच कळला होता."

"कळलं होतं?" मी उठून बसले. "मग वाढत का राहिल्या?"

अप्पांनी विचारलं. अम्मांनी प्रथमच माझ्याकडे बघून उत्तर दिलं, अगदी शांतपणे.

"म्हणते, हावरा मुलगी पातेल्याकडे बघते. गर्विष्ठ मुलगी वाढणारीच्या तोंडाकडे बघते. तू पानाकडे बघत होतीस. म्हणून कळला. पण खरा नेम आहे की सासूला दाखवायला आणलेला, ते बघायचं होतं. आमच्या कोमळानं मागच्या महिन्यात कॉफी सोडली. दुपारी चार वाजता परत धरली."

"पिताजी!" कोमळा ओरडली. "मुझे सिरदर्द था!"

"आणि म्हणते, पळीला हात लागला तो तिचा दोष. परीक्षा तिनं घेतली, नापासही तीच झाला."

एवढ्यात दारात हे उभे राहिले. ओला पंचा, कपाळावर ताजं गंध आणि अंगाला कॉफीचा वास. घाटावर शाळेतला कुणी मित्र भेटला होता.

"झालं जेवण? वा! पोदुम म्हणालीस ना?"

आम्ही चौघांनी त्यांच्याकडे पाहिलं. अम्मांनी एकच वाक्य विचारलं. यांचा हात आपसूक कपाळाला गेला.

"अरेच्चा," हे म्हणाले.

त्यानंतर अम्मा यांना जे बोलल्या त्याचा अनुवाद अप्पांनी केला नाही. कोमळालाही त्यातल्या शब्दांचं हिंदी येत नव्हतं. हे खांबाला टेकून गुपचूप बसले. मग अम्मा पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"विचारते, नेम कोणासाठी?"

"मी सांगतो, अप्पा," हे म्हणाले, "मला माहीत आहे."

"तू गप्प बस. मी सोलापूरला अकरा वर्षं होती. मी सांगतो."

मी हे कुणाला सांगत नसे. यांनाही लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण समोर ती उपाशी बाई बसली होती.

"बाबांसाठी," मी म्हटलं. "आमचं कऱ्हाडला पूजासाहित्याचं दुकान आहे. बाबा एवढे बोलके, की कापराची वडी घ्यायला आलेला माणूस त्यांच्या गोष्टी ऐकत आरतीची वेळ चुकवायचा. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्यावरून वारं गेलं. हातपाय सुधारले, वाचा आली नाही. आम्ही सगळे पंगतीला बसायचो, बोलायचो, हसायचो, त्यांनाही वरवर विचारायचो. ते खाली बघून जेवायचे. एक दिवस त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याशेजारी पाट घेतला आणि बोललेच नाही. त्या दिवशी ते पोटभर जेवले."

अप्पा हे सांगत असताना दोनदा अडले. एकदा शब्द सापडला नाही म्हणून. दुसऱ्यांदा का ते मी विचारलं नाही.

"बाबा एक शब्द बोलले की मीही बोलेन," मी म्हटलं. "तोवर नाही."

अम्मांनी हातातला पदर नीट केला. मग त्यांनी विचारलं. अप्पांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "विचारते, या लग्नाला तुझा बाप काय म्हणाला?"

हा प्रश्न मला आठ महिन्यांत कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

"काही नाही. मी त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. हो म्हणायला मान हलवता येते त्यांना. त्यांनी हलवली नाही. नाहीही म्हणाले नाहीत. भिंतीकडे बघत बसले. मी... मी हो धरून चालले."

झोपाळ्याची साखळी उगाच एकदा करकरली. खांबापाशी हे मान खाली घालून बसले होते.

अम्मा बोलू लागल्या. चढ नाही, उतार नाही, देवापुढं संकल्प सोडतात तशा आवाजात. अप्पांनी पूर्ण होईपर्यंत ऐकलं, मग "काय?" असं तमिळमध्येच विचारलं. अम्मांनी पुन्हा तेच सांगितलं.

"म्हणते," अप्पांनी घसा साफ केला, "त्याला कोणी विचारलंच नाही. मुलगी सांगून गेली, पण मुलाकडचं कोणी मागायला आलं नाही. मागितलंच नाही तर बाप उत्तर कोणाला देणार? ती चूक आमची आहे. म्हणते, मी जाते. रीतीनं मागते. आणि त्याच्याशेजारी पाट मांडून जेवते. त्याला बोलता येत नाही, मला मराठी येत नाही, आमचं छान जमेल म्हणते."

मला हसू फुटलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की बाई फार वेडी दिसते. कोमळानं आपला पदर पुढे केला.

अप्पा मात्र दुखावले होते. "ऐका! अकरा वर्षं मी सोलापूरला एकटा. दर महिन्याला रेल्वेचा पास पाठवायची. ही कधी त्रिचीच्या पुढे आली नाही. वाटेत काय खाऊ, तिथलं पाणी कुणाचं, सोवळं कसं राहील! आता याच्या बापासाठी कऱ्हाड?"

हे त्यांनी आधी मराठीत आम्हाला सांगितलं आणि मग तमिळमध्ये तिला. अम्मांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं. आता हे मोठ्यानं हसले आणि त्यांनीच मला मराठीत सांगितलं, "म्हणते, तुम्ही सोलापुरात कुठे गप्प बसत होतात?"

त्या दिवशी अम्मांनी ताक आणि दोन केळी घेतली, तीही संध्याकाळी. मी पाय चेपायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

हे म्हणाले, होळीला रजा घेऊन सगळेच जाऊ. अम्मांनी ऐकून घेतलं आणि मान्य केलं नाही. मुलगी मागायला मुलाचे आई-बाप जातात. नवरा मुलगा जात नाही, आणि मुलीनं तर वाटेत आडवंच यायचं नाही. शिवाय देवापुढं बोललेलं होळीपर्यंत ठेवायचं नसतं. मी आईला तार केली. सासूबाई येत आहेत, बाबांशेजारी पाट मांड. दुसरं काय लिहावं ते सुचलं नाही. दिवसभर अप्पा झोपाळ्यावर बसून "आम्ही तुमचा मुलगी मागायला आले आहे" हे घोकत होते. मी दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. बाबांना त्यातही कळलं असतं.

चतुर्दशीच्या पहाटे मला जाग आली तेव्हा शेजारी कोमळा झोपली होती आणि स्वयंपाकघरात दिवा होता. अम्मा बांधाबांध करत होत्या. तांदूळ, मूग, तुपाची बरणी, छोटी शेगडी, तिला पुरेल इतका कोळसा, फिरकीच्या तांब्यात विहिरीचं पाणी. सगळं फडक्यांत गुंडाळून, न वाजता. एका वेगळ्या डबीत त्यांनी हळद आणि कुंकू भरलं. वर विड्याची पानं आणि दोन सुपाऱ्या ठेवल्या आणि ती डबी पिशवीत न घालता पदराखाली घेतली.

मी दाराशी उभी आहे हे त्यांनी पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत. मी वाकले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. अप्पा शेगडी आणि वळकटी घेऊन आधीच टांग्यापाशी गेले होते. रस्ता अजून ओला होता, शेजारच्या दारात कुणीतरी रांगोळीचे ठिपके घालत होतं.

ओट्यावर हे पंचा पांघरून गाढ झोपले होते. अम्मा त्यांच्यापाशी क्षणभर थांबल्या, घसरलेला पंचा त्यांच्या खांद्यावर ओढला, आणि त्यांना न उठवता, उजवं पाऊल आधी टाकत, पायऱ्या उतरल्या.